पडदा कोण ओढणार?

मराठी माणूस नर्मदा ओलांडून उत्तरेस गेला, की त्याला दोन गोष्टींची आठवण अनावर होते : आंबेमोहोर तांदळाची आणि नाटकाची. पहिल्या गोष्टीची सोय गावाकडून येणारा पाहुणा करतो; दुसरीसाठी मात्र समिती नेमावी लागते.

यंदा रंगभूमीदिनी, म्हणजे 5 नोव्हेंबरला, 'सौभद्रा'तील एक अंक करावा, असे आम्हां लखनौकर मराठी मंडळींत ठरले. पहिली सभा आमच्याच घरी भरली. बहुतेक सारे सरकारी अधिकारी. त्यामुळे समिती कशी नेमावी हे कोणास शिकवावे लागले नाही. ज्येष्ठताक्रम पाहून अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार नेमले गेले. अर्थ, स्वागत व नेपथ्य अशा उपसमित्या झाल्या. चहाचे दोन फेरे होईतो अकराही जण पदाधिकारी झाले आणि साधा सभासद म्हणून कोणी उरलेच नाही! एवढ्यात आमच्या सौभाग्यवतींनी दारातून विचारले, "आणि पडदा कोण ओढणार?"

सभा स्तब्ध झाली. पडदा, सतरंज्या, पायपेटी हे सारे वर्षानुवर्षे ज्यांच्या माळ्यावर सांभाळले जाते, त्या काकांना बोलावणेच गेले नव्हते. काकांचे शिलाईचे दुकान. पडदाही त्यांच्याच हातचा. ते ना अधिकारी, ना बदलीचे धनी. आम्ही विसरलो, असे म्हणणे सोयीचे आहे. खरे तर त्यांचे नाव ओठांवर आले होते. पण पदांच्या उतरंडीत त्यांना कोठे बसवावे हे न सुचल्याने आम्ही ते गिळले.

1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेव्हाही कोणी दिवे लावले असतील, कोणी सतरंज्या अंथरल्या असतील. त्यांची नावे आम्हांस ठाऊक नाहीत. अशी नावे कशी नाहीशी होतात, ते त्या सायंकाळी आम्ही आमच्याच कार्यवृत्तात पाहिले.

दुसऱ्या दिवशी संकोचतच काकांकडे गेलो. अंगणात दोरीवर पडदा वाळत होता.

"नोव्हेंबर जवळ आला," काका म्हणाले, "म्हटलं, धुऊन ठेवावा. यंदा अध्यक्ष कोण?"

उत्तर देताना आमची जीभ जड झाली. अध्यक्ष आम्हीच होतो.

परत येऊन कार्यवृत्त दुरुस्त केले. पहिले नाव काकांचे घातले. पुढे पद मात्र लिहिता आले नाही. उद्या आमची बदली होईल, दुसरे अध्यक्ष येतील. पडदा माळ्यावरच राहील. त्या राखणीला शोभेल असे पद आमच्या ज्येष्ठताक्रमात नव्हते.