कुंडीतला वाफसा

पान मलूल दिसलं की हात आधी पाण्याच्या मगाकडे जातो. पण माती ओली असताना झाडाने माना टाकल्या, तर समजावं की मुळं गुदमरली आहेत. मुळांनाही प्राणवायू लागतो. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं कुजतात, कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, आणि झाड भर पाण्यात सुकतं. शेतकरी पावसानंतर वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निथळून मातीत हवा खेळेपर्यंत, पेरणीची पाभर धरत नाही. कुंडीला मात्र आपण वाफशावर येऊच देत नाही, विशेषतः पावसाळ्यात. ऊन नसतं, हवा दमट असते, आणि रोजचा मगभर पाण्याचा नेम उन्हाळ्यातलाच चालू राहतो.

परवा नर्सरीत कुणीतरी झीझीचं एक आजारी झाड घेऊन आलं. कुंडी तळहातावर उलटी धरून काठावर थोपटली, तर मधोमध चिकट लाल मातीचा गोळा तसाच होता, पिशवीतून काढून थेट कोकोपीटमध्ये बसवलेला. वरचं कोकोपीट कोरडं, गोळा चिंब. वरवर बोट लावून काय कळणार? आंबूस वास येत होता. एक तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढलं, तर साल हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. कंद मात्र दोन घट्ट होते. मऊ झालेलं सगळं कापून टाकलं आणि घट्ट कंद सावलीत सुकत ठेवले. हौसेने आणलेलं झाड असं जाताना मला बघवत नाही.

तळाला खडी घातली की पाणी निघून जातं, हा समज फार पक्का आहे आणि चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही, सांध्यावरच अडतं; ओला थर उलट मुळांजवळ येतो. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे. जाड भर मातीतच मिसळावी. मी माती, कोकोपीट आणि विटांचा चुरा समसमान घेते, गांडूळखत एका भागाच्या निम्मं. चुरा चाळून पूड फेकून द्यायची, नाहीतर तीच पोकळ्या बुजवते.

पाणी घालायचं का, हे कुंडी उचलून ठरवावं. ओली कुंडी जड लागते; थोड्या दिवसांत हाताला अंदाज येतो. बशीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाकावं. आणि आजारी झाडाला नवी फूट दिसेपर्यंत खत देऊ नये. दुखावलेल्या मुळांना क्षार झेपत नाहीत.