जोडणीतली चूक

भिलाईच्या पोलाद कारखान्यात माझी सगळी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशन विभागात गेली. तापमान, दाब, प्रवाह मोजणारी उपकरणं नीट ठेवायची, हे आमचं काम. १६०० अंशांच्या आसपास तापलेल्या पोलादात बुडवलेलं थर्मोकपल कितीही अचूक असलं, तरी त्याला जोडलेली केबल चुकीच्या जातीची निघाली किंवा तिची टोकं उलटी लागली, तर समोरचा आकडा खोटा येतो. विभागात येणाऱ्या नव्या मुलांना मी सुरुवातीलाच सांगायचो, की आकड्याबद्दल शंका आली तर आधी जोडणी तपासा. निवृत्त झाल्यावर मनगटावरच्या एका लहानशा यंत्राच्या बाबतीत हे मी स्वतःच विसरलो. पहिल्यांदा विसरलो तेव्हा घड्याळ गेलं. दुसऱ्यांदा विसरलो त्याचा त्रास बायकोला सोसावा लागला.

माझी समजूत कशी घडली तेही सांगतो. वडील वर्ध्याहून भिलाईला आले, तेव्हा इथली पहिली झोतभट्टी सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं होतं. एचएमटीने सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि पुढे वडिलांनी त्यांतलंच एक चावीचं घड्याळ घेतलं. पहिल्या पाळीला निघण्याआधी ते चावी द्यायचे. घामाने पट्टा कुजला की बाजारातून मिळेल तो पट्टा बसवून आणायचे. पट्टा बदलल्याने वेळ बदलत नसे. घड्याळ म्हणजे आतलं यंत्र, बाकी सगळी शोभा, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. स्मार्ट वॉच हातात आलं तेव्हा तीच समजूत मी सोबत आणली.

माझं पहिलं स्मार्ट वॉच मुलीने दिलं. पुण्यात नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून तिने ते घेतलं होतं. त्याचा चार्जर प्रवासात हरवला. मूळ कंपनीचा मागवायचा तर काही दिवस थांबावं लागणार होतं आणि पैसेही जास्त लागणार होते. मी बाजारातून एक साधा, चुंबकाने चिकटणारा, दोन पिनांचा चार्जर आणला. दुकानदार म्हणाला, “अंकल, सबमें लग जाता है.” मी विश्वास ठेवला.

तो सगळ्यांना लागत नाही. अशा दोन पिनांच्या चार्जरमध्ये पिनांमधलं अंतर वेगवेगळं असतं. २.८४ मिलिमीटर आणि ४ मिलिमीटर ही दोन मापं बाजारात नेहमी दिसतात. डोळ्याला दोन्ही सारखीच वाटतात. शिवाय दोन पिनांपैकी धन कुठली आणि ऋण कुठली, हेही प्रत्येक कंपनी आपल्यापुरतं ठरवते. माझ्या कपाटात व्हर्नियर कॅलिपर होता, मल्टिमीटर होता. दोन्ही वापरायला पाच मिनिटं लागली नसती.

चार्जरच्या प्लॅस्टिकची कड घड्याळाच्या पाठीला अडत होती. तो परत करण्याऐवजी मी तो घरातल्या व्हाइसमध्ये धरला आणि कड कानसीने घासून काढली. त्याच व्हाइसवर आदल्या दिवशी मी लोखंडाची एक पट्टी घासली होती. तिचा कीस तिथेच पडलेला होता. चार्जरमधल्या चुंबकाने तो उचलला. पिनांच्या भोवती काळी बारीक लव आलेली मला दिसली. मी फुंकर मारली, बोटाने पुसलं आणि चार्जर घड्याळाला लावला. चार्जिंगचं चिन्ह दिसलं, तसं घड्याळ गादीवरच ठेवून मी झोपलो.

माझी चूक नेमकी त्या फुंकरेची होती. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस फुंकरेने जात नाही, हे भिलाईत शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. दोन पिनांच्या मध्ये लोखंडाचे कण राहिले तर विजेला आडवाट मिळते आणि ती जागा तापते. पहाटे जळक्या प्लॅस्टिकच्या वासाने मला जाग आली. चादरीवर तपकिरी डाग पडला होता. बॅटरी फुगून घड्याळाची पाठ उचकटली होती. आग लागली नाही. मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला काही झालं नाही ना?” घड्याळाबद्दल तिने एक शब्दही काढला नाही.

लिथियमची बॅटरी किती गंभीर गोष्ट आहे, हे मी त्यानंतर वाचायला घेतलं. फिटबिट या नावाजलेल्या कंपनीला आपलं आयोनिक हे घड्याळ मार्च २०२२ मध्ये बाजारातून परत बोलवावं लागलं होतं. बॅटरी तापून माणसं भाजल्याच्या तक्रारी आल्या होत्या. जगभरात अशी सुमारे १७ लाख घड्याळं विकली गेली होती. एवढ्या काळजीने बनवलेल्या वस्तूतही असं घडू शकतं, तर कानसीने घासलेल्या चार्जरकडून मी कसली खात्री धरली होती?

मध्यंतरी बायकोच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात असं निदान झालं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि सकाळ-संध्याकाळ नाडी मोजून वहीत लिहायला सांगितलं. मी तिच्यासाठी चांगलं घड्याळ घेतलं, मूळ चार्जरसकट. चार्जरचा धडा मी शिकलो होतो. पण तो फक्त चार्जरपुरताच शिकलो, पट्टा आणि कव्हर तेव्हाही माझ्या लेखी शोभेच्याच वस्तू होत्या.

घड्याळाला स्वयंपाकघरात धक्का लागू नये म्हणून मी काचेसकट बसणारं कडक कव्हर घेतलं. भांडी घासताना कव्हर आणि पडदा यांच्या मध्ये पाणी शिरायचं आणि पडदा आपोआप चालायला लागायचा. कधी गजर बदललेला असे, कधी भलत्यालाच फोन लागे. त्याहून वाईट गोष्ट खालच्या बाजूला होती. कव्हरची कड घड्याळाच्या पाठीखाली वळलेली होती आणि त्यामुळे पाठ कातडीपासून किंचित वर उचलली जायची. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी तिच्या मनगटाखालून हिरवा उजेड बाहेर सांडताना मला दिसायचा. यंत्र चालू आहे याची ती खूण समजून मी निश्चिंत व्हायचो.

प्रत्यक्षात तो उजेड बाहेर दिसणं हाच बिघाड होता. ही घड्याळं हिरवा प्रकाश कातडीत सोडतात. रक्त तो प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्यागणिक मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं आणि तेवढाच परत येणारा प्रकाशही बदलतो. त्या बदलावरून घड्याळ ठोके मोजतं. पाठ कातडीला टेकलेली नसेल, घड्याळ हलत असेल, बाहेरचा उजेड आत शिरत असेल, तर मोजणी चुकते. गारठ्याने हात थंड पडले असतील तर आणखीच चुकते. सेन्सर आणि शरीर यांच्यातली जोडणी पट्टा करतो. केबलच्या जातीवरून नव्या मुलांना बोलणाऱ्या मला हे सुचायला हवं होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने नवी साडी नेसायची ठरवली, म्हणून मी त्या घड्याळाला स्टीलचा पट्टा आणला. माप २० मिलिमीटर, तेवढं मी बघितलं होतं. पट्टा तिच्या मनगटाला सैल होता. कड्या काढून तो बेताचा करावा लागतो, पण बांगड्यांसारखा खालीवर होतो तर छानच दिसतो, असं म्हणून मी तो तसाच ठेवला. त्या संध्याकाळी वाण देऊन, तिळगूळ वाटून बायका गेल्या. भिलाईत जानेवारीत चांगला गारठा असतो. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “अहो, छातीत धडधडतंय. डोकं हलकं झाल्यासारखं वाटतंय.”

मी तिचा हात हातात घेतला. बोटं नाडीवर ठेवली नाहीत. घड्याळ वळवून आकडा वाचला. ७४ होता. मी म्हणालो, “चौऱ्याहत्तर आहेत. दमली आहेस तू. झोप आता.” तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

रात्रभर तिला झोप लागली नव्हती, हे मला सकाळी कळलं. सगळं ठीक आहे असं मी सांगितल्यामुळे तिने मला उठवलं नाही. सकाळी चेहरा पाहून मी घाबरलो आणि तिला घेऊन दवाखान्यात गेलो. ईसीजीमध्ये ठोके १४० च्या आसपास आणि पूर्ण अनियमित होते. डॉक्टरांनी विचारलं, “हे कधीपासून होतंय?” काल संध्याकाळपासून, असं मी सांगितलं. मग लगेच का आला नाहीत, असं त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, “घड्याळात ठीक दिसत होतं.” यांनी झोपायला सांगितलं, असं ती म्हणाली नाही.

ठोके असे भरकटले की हृदयात रक्त साकळू शकतं आणि ती गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होऊ शकतो, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. आमच्या नशिबाने तसं झालं नाही. काही दिवस रुग्णालयात काढून ती घरी आली. पण कितीतरी महिने ती रात्री दिवा मालवू देत नव्हती. मध्येच उठून स्वतःची नाडी बघायची. माझ्या एका वाक्याने तिची एक रात्र भीतीत गेली, आणि पुढच्या अनेक रात्रींची झोपही हिरावली.

घरी आल्यावर मी विभागात करायचो तशी तपासणी केली. तिच्या नाडीवर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजले आणि त्याच वेळी घड्याळाचा आकडा लिहिला. आधी सैल स्टीलचा पट्टा आणि कव्हर तसंच ठेवून, मग कव्हर काढून, मऊ सिलिकॉनचा पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बेताचा आवळून. पहिल्या जोडणीत घड्याळ आणि बोटं यांचा मेळच बसत नव्हता. दुसऱ्या जोडणीत दोन्ही बरेच जवळ आले, पण ठोके अनियमित झाले की घड्याळ तेव्हाही काही ठोके गाळायचं. डॉक्टरांनीही सांगितलं, की अशा आजारात मनगटावरचा आकडा हा फक्त इशारा समजायचा आणि निर्णय नाडी व ईसीजीवर घ्यायचा.

आता आमच्याकडे दोन पट्टे आहेत. रोजचा सिलिकॉनचा. तो रोज धुऊन, पुसून, वाळवून बांधायचा, कारण खाली घाम आणि साबण साचला की कातडी लाल होते. फिटबिटच्याच फोर्स या पट्ट्याने अनेकांच्या मनगटाला पुरळ आलं आणि २०१४ मध्ये तो परत घ्यावा लागला होता. स्टीलचा पट्टा फक्त लग्नाकार्यासाठी. कड्या काढून तो बेताचा करून घेतला आहे, तरीही तो हातात असताना ठोके बोटांनीच मोजायचे असा घरात नियम आहे. चुंबकाने मिटणारा जाळीचा पट्टा मी घेत नाही, लोखंडाच्या या गावात त्याला काय काय चिकटेल हे मी बघितलं आहे. कव्हर फक्त कडेला बसणारं, पाठ आणि काच मोकळी ठेवणारं, आणि चार्जिंगच्या वेळी काढून ठेवायचं. ॲपलने आपल्या बहुतेक घड्याळांसाठी वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं आहे, आणि मे महिन्यात भिलाईचा पारा ४५ च्या घरात असतो. अशा दिवसांत चार्जिंग पहाटे, फरशीवर, माणूस जागा असताना.

चार्जर मूळ कंपनीचाच. ॲडॉप्टरवर भारतीय मानक ब्युरोचा आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघतो, आणि तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा आहे ना याची खात्री करतो. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून मोबाइल, टॅबलेट, कॅमेरे यांना एकच टाइप-सी चार्जर सक्तीचा केला, पण मनगटी घड्याळं आकाराने लहान म्हणून त्या नियमातून बाहेर राहिली. म्हणजे घड्याळाच्या चार्जरचा गोंधळ अजून काही वर्षं तरी आपल्यालाच निस्तरायचा आहे. दुकानात ‘सगळ्यांना लागतो’ असं कुणी म्हणालं, तर आपल्या घड्याळाचं मॉडेल सांगून, तिथेच लावून, पिना बरोबर टेकतात का हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि तुमच्या घरात कुणी हृदयाचा रुग्ण असेल आणि त्याच्या हातात असं घड्याळ असेल, तर आजच त्याचा पट्टा बघा. मनगटाखालून हिरवा उजेड दिसत असेल तर पट्टा आवळा. पूर्ण मिनिटभर नाडी मोजायला घरातल्या प्रत्येकाने शिकून घ्या. माणूस म्हणत असेल की मला बरं वाटत नाही, तर आकडा काहीही असो, त्याला लगेच डॉक्टरकडे घेऊन जा.