बारक्या शिंपल्या

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. कळंब तालुक्यातल्या माझ्या गावात पाणी म्हणजे विहीर, बोअर आणि पावसाळ्यातली मांजरा. तिथून शिक्षक म्हणून रत्नागिरीला आलो आणि काळबादेवीच्या खाडीत शिंपल्या काढायला उतरलो. तेव्हा केलेल्या चुका लिहितो आहे, कारण मराठवाड्यातले कितीतरी शिक्षक आजही कोकणात आहेत आणि सुट्टीला त्यांचीही पावलं खाडीकडे वळतात.

वेळ चुकली ती आधीच. रविवार बघून गेलो, तिथी बघितली नाही. अष्टमीच्या भांगाला पाणी फार ओसरत नाही. खरी पुळण उघडी पडते ती अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात. शिवाय ओहोटी रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते.

पण मोठी चूक दाताळ्याची. आमच्याकडे भुईमूग काढून झाला की मागे राहिलेल्या शेंगांचा सरवा करतात. जे हाती लागेल ते आपलं. त्याच हिशेबाने मी दाताळ्याने वाळू ओढत सुटलो. पातळ कवचं फुटली. जी निघाली ती नखाएवढी असली तरी बादलीत टाकली. शेजारच्या आजी हाताने आणि खुरप्याने एकेक शिंपली उकरत होत्या. त्यांनी माझ्या बादलीत हात घातला. "गुरुजी, बारकी कशाला घेतलीत? ती वाढायची हायत अजून." मी मान डोलावली आणि भरलेली बादली तशीच घरी नेली. याचं मला अजून वाईट वाटतं.

सरव्याची शेंग घेतली नाही तर वाया जाते. शिंपली तशी नाही. नर-मादी बीज पाण्यात सोडतात, अळ्या काही दिवस तरंगतात आणि मग वाळूत उतरतात. बारकी शिंपली म्हणजे बियाणं. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले आर. नागभूषणम आणि यू. एच. माने यांनी १९७०च्या दशकात याच खाडीतल्या शिंपल्यांच्या प्रजननाचा अभ्यास केला होता. त्याच विद्यापीठाची पदवी माझ्याकडे होती, पण हे मला ठाऊक नव्हतं.

घरी आणखी एक घोळ घातला. वाळू जावी म्हणून शिंपल्या रात्रभर विहिरीच्या पाण्यात ठेवल्या. गोड्या पाण्यात त्या मिटून बसतात, वाळू सोडत नाहीत. सकाळी बऱ्याच मेल्या होत्या, बादलीला वास सुटला होता. त्या खाडीच्याच पाण्यात काही तास ठेवायच्या असतात. उघडी असून टकटक केल्यावर न मिटणारी शिंपली शिजवू नये, आणि शिजल्यावर न उघडणारी खाऊ नये. ती सगळी बादली मी पुरली. कुणाच्याही पोटात न जाता इतके जीव गेले.

आजींनी सांगितलं तेच दुसरीकडे नियम म्हणून पाळतात. केरळात अष्टमुडी तलावातले मच्छीमार शिंपल्यांच्या विणीच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, काढणी बंद ठेवतात आणि बारकी शिंपली निसटेल अशाच आसाची जाळी वापरतात. २०१४ साली त्या मासेमारीला शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. भारतातलं ते पहिलं.

मराठवाड्यातून येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: दाताळं घरी ठेवा, गावातल्या बायकांना विचारून उतरा, आणि बारकी शिंपली तिथल्या तिथे वाळूत परत दाबा.