कापडाची दिशा

बेळगावात बाबांचं गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान आहे. यंदा एका गिऱ्हाइकाला कृत्रिम स्वेड हवं होतं. हे कातडं नव्हे. पॉलिएस्टरच्या अतिबारीक धाग्यांचं कापड, १९७० साली जपानच्या तोरे कंपनीत तयार झालेलं. “डोकं टेकतं तिथं तेलानं लव बसते, तिथं रेक्झिनच घ्या,” बाबांनी सुचवलं.

बाबांना आता बारीक दिसत नाही, म्हणून कापायला मी बसले. कापड वाचवायला एक तुकडा उलटा कापला. शिवून उन्हात नेलं, तर एकाच सीटचे दोन रंग!

बाबा रागावले नाहीत. माझा हात धरून कापडावरून फिरवला. “एकीकडून मऊ, उलटीकडून खरखरीत. डोळ्यांनी नको, हातानं बघ गं.”

रात्री टाके उसवले. नुकसान आमचंच. पण बाबांचं दुकान अजून कसं चालतंय, ते मला तेव्हा कळलं.