आज क्या लिखाये, बाजी?

सोलापुरातल्या आमच्या मोहल्ल्यात बालवाडी सुरू झाली, तेव्हा सुटायच्या वेळी रोज हा प्रश्न यायचा. उत्तर ठरलेलं. काहीच लिहिलं नाही. मुलं चिंचोके मोजत होती, कणीक मळत होती, दुकान-दुकान खेळत होती. विचारणारीचा चेहरा पडायचा. खरं सांगायचं तर मनातून माझाही पडायचा.

मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड. केलंय, पण तीन वर्षांच्या मुलाशी कसं वागावं हे बी.एड.ला कुणी शिकवत नाही. ते सगळं मोठ्या वर्गांसाठी. माझा मुलगा चार वर्षांचा असताना मी त्याच्याकडून रोज एक पान अलिफ-बे आणि एक पान अ-आ गिरवून घेत असे. एक उजवीकडून, एक डावीकडून. महिन्याभरात तो पाटी पलंगाखाली लपवायला लागला. मला वाटलं, पोरगं आळशी आहे. आता तो अकरावीत आहे. त्याचं अक्षर अजूनही वाईट आहे, आणि मला ती पाटी आठवते.

बालवाडी नऊ आयांनी मिळून काढली. एकीच्या घराची खालची खोली, पगारावर एक ताई, आणि मदतीला रोज एका आईची पाळी. भिशी सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे 'सहकारी' म्हणजे काय हे कुणाला समजवावं लागलं नाही. माझी शाळा दुपारची, म्हणून सकाळचे दोन तास मी जायची आणि खर्चाची वही लिहायची.

यात नवं काही नव्हतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला हेच काम सुरू केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, आणि बिया, पानं, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य. 2020 चं शैक्षणिक धोरणही तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवा असंच सांगतं. हे सगळं मी एका बैठकीत समजावून सांगितलं. आयांनी अदबीनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत तेच, "आज क्या लिखाये?" शेजारणीच्या मुलाची इंग्रजी नर्सरीतली भरलेली वही त्यांना रोज दिसत होती. धोरण कुणाला दिसतं?

फरक पडला तो पाळीमुळे. एक आई विड्या वळते. सर्वांत जास्त तक्रार तिचीच. तिच्या पाळीच्या दिवशी तिची मुलगी कागदाचे तुकडे वळत बसली होती. शेजारी तेलुगू बोलणारी एक मुलगी, तिची आईही विड्याच वळते. दोघींनी वळून ढीग केला, मोजून बंडलं बांधली. मोजणी दहाच्या पुढे भरकटत होती, पण जोरात चालली होती. मग हिची मुलगी उठली, कमरेवर हात ठेवून तपासनीस झाली, आणि मूठभर 'विड्या' बाजूला फेकून म्हणाली, "ये खराब है. इसका पैसा नै मिलता." तेलुगू मुलगी गयावया करायला लागली. सगळी मुलं हसली. आई हसली नाही. ती भिंतीपाशी बसून बघत राहिली. जाताना मला म्हणाली, "बाजी, मैं तो इसको कभी बताई नै." त्यानंतर तिनं लिहिण्याबद्दल विचारलं नाही. मीही त्यावर भाषण दिलं नाही.

पण पुढच्या महिन्यात ती पाळीला आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. बैठकीत कुणीतरी दंडाची गोष्ट काढली. मीही मान डोलावली, हे कबूल करते. घरी येऊन हिशेब केला तेव्हा लाज वाटली. मजुरी हजार विड्यांवर मिळते. तिची एक सकाळ म्हणजे काही शे विड्या गेल्या. माझी सकाळ मात्र पगारात धरलेली. पालकांचा सहभाग म्हणून आपण जे मागतो ते एकीला फुकट पडतं आणि दुसरीला त्या दिवसाचं दूध. (वडिलांबद्दल तर बोलायलाच नको. नऊपैकी एक रिक्षावाले भाई दोनदा येऊन घोडा झाले, तेवढंच.)

शेवटी तिच्या जागी तिच्या सासूबाई येऊ लागल्या. दादींना लिहिता-वाचता येत नाही. येताना त्या कमरेच्या पिशवीत पाच सागरगोटे घेऊन आल्या. एक वर टाकायचा, खालचा एक उचलायचा, वरचा झेलायचा. मग दोन, मग तीन. दादी दखनीत मोजायच्या, तेलुगू मुलगी तेलुगूत, ताई मराठीत. ज्या बोटांत मी पेन्सिल धरवू बघत होते, ती बोटं आपोआप चालायला लागली.

सगळं गोड झालं असं नाही. जूनमध्ये तीन मुलं इंग्रजी नर्सरीत गेली. त्यातल्या एका आईनं स्पष्ट सांगितलं, तुमच्या मुलाला तुम्ही लहानपणी लिहायला शिकवलं, आमच्या मुलांना मात्र खेळवता. मला उत्तर देता आलं नाही. पाटी लपवल्याची गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नव्हती.

दादींची नात आता पहिलीला आहे. तरी दादी मंगळवारी येतात. गुडघे दुखतात म्हणून भिंतीला टेकून बसतात, आणि सागरगोटे वर टाकायचं काम त्यांनी मुलांकडे दिलंय.