दोघा भावांची दोन यंत्रं

ह्यांना आयसीडी बसवायचं ठरलं तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की छातीत एक यंत्र राहणार आणि हृदयाचे ठोके जीवघेण्या वेगानं धावू लागले तर ते आतूनच शॉक देणार. ह्यांच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला. ‘हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी’ हे नाव मी वहीत लिहून पाठ केलं. हा आजार रक्तातून उतरतो, म्हणून डॉक्टरांनी धाकट्या भावाचीही इको करायला सांगितली. भाऊजींना कसलाच त्रास नव्हता, पण त्यांच्या हृदयाची भिंत ह्यांच्याहून जाड निघाली.

ह्यांची शस्त्रक्रिया आधी झाली. तेवढाच भाग बधिर करून डाव्या कॉलरबोनखाली यंत्र ठेवलं आणि त्याची वायर शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात नेली. या वायरला सगळे ‘लीड’ म्हणत. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. लीड जागेवर आहे का आणि फुप्फुसाबाहेर हवा तर साठली नाही ना, हे त्यात बघतात. मग सूचना मिळाली : ४ ते ६ आठवडे डावं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, जड उचलायचं नाही. लीडचं टोक हृदयाच्या स्नायूत नीट रुजायला वेळ लागतो, तोवर ते निसटू शकतं. मग हात झोळीत बांधूनच ठेवू का, असं मी विचारलं. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, ‘अजिबात नको. खांदा आखडून बसेल. खांद्याच्या खाली हात रोज हलता राहू दे.’

घरी आल्यावर प्रश्न सुरू झाले. बनियन डोक्यावरून घालता येईना, म्हणून पुढून बटणाचे सदरे काढले. गाडीत पुढे डावीकडे बसलं की सीटबेल्ट नेमका जखमेवरून जाई. मागच्या सीटवर उजवीकडे बसवलं तेव्हा तो उजव्या खांद्यावरून आला. कुणीतरी जखमेला हळद लावायला सांगितलं, ते मात्र मी ऐकलं नाही. तिथला जंतुसंसर्ग यंत्रापर्यंत पोचला तर सगळं काढावं लागतं.

भाऊजींना वेगळ्या प्रकारचं यंत्र बसवणार होते, एस-आयसीडी. त्यात हृदयाच्या आत काहीच जात नाही. यंत्र डाव्या काखेखाली बरगड्यांवर, आणि वायर छातीच्या मधल्या हाडालगत कातडीखाली. आधी त्यांचा ईसीजी झोपवून आणि उभं करूनही काढला. यंत्राला ठोका ओळखता येतो का, याची ती परीक्षा. हृदयाला हातच लावणार नाहीत म्हटल्यावर ते चटकन उठून बसतील असं मला वाटलं. झालं उलट. पूर्ण भूल दिलेली, यंत्र साधारण १३० ग्रॅमचं (ह्यांचं ७०-८० ग्रॅमच्या आसपास), आणि ते स्नायूंच्या थरांमध्ये बसवलेलं. पहिले काही दिवस ह्यांच्यापेक्षा त्यांना वेदना कितीतरी जास्त झाल्या. डाव्या कुशीवर वळता येईना, काखेत घाम आला की चुरचुरे. पण निसटायला हृदयात लीडच नव्हती, त्यामुळे दुखणं कमी होताच त्यांना हात वर न्यायची परवानगी मिळाली. तेव्हा ह्यांना मात्र अजून मनाईच होती.

मग दोघांनाही हे कातडीखालचंच यंत्र का नाही बसवलं? हे मी डॉक्टरांना विचारलंच. त्यांनी समजावलं : ह्यांची नाडी मधूनच फार मंदावते, तेव्हा यंत्रानं पेसमेकरचंही काम करायला हवं. शिवाय धावणारे ठोके कधीकधी शॉकविना, भराभर हलके स्पंद देऊन थोपवता येतात. कातडीखालच्या यंत्राला हे जमत नाही. भाऊजींना त्याची गरज नव्हती. वय कमी, पुढची कित्येक वर्षं शिरेत लीड राहिली तर ती तुटण्याचा, बिघडण्याचा धोका असतो आणि जुनी लीड काढणं अवघड. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिटोरियन’ या मोठ्या अभ्यासात एकंदर त्रासाच्या बाबतीत दोन्ही यंत्रं जवळपास बरोबरीची ठरली, पण लीडच्या तक्रारी कातडीखालच्या यंत्रात कमी होत्या.

आयसीडी बसवण्याची माणसावरची पहिली शस्त्रक्रिया फेब्रुवारी १९८० मध्ये अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाली. मिशेल मिरोव्स्की या डॉक्टरांच्या ध्यासातून ते यंत्र घडलं. तेव्हा छाती उघडावी लागे आणि यंत्र पोटात ठेवत. ते वाचून या दोघांच्या लहानशा जखमांकडे मी कृतज्ञतेनं पाहिलं.

एक भीती मी बरेच दिवस कुणाला बोलले नव्हते : ह्यांना हात लावलेला असताना शॉक बसला तर? नर्सनं सांगितलं, फार तर किंचित झिणझिण्या येतील, इजा होत नाही. त्या वेळी माणसाला धरायलाच हवं. एक शॉक बसून बरं वाटत असेल तर डॉक्टरांना फोन. लागोपाठ बसले, किंवा एकानंतरही घेरी, धाप, छातीत दुखणं असेल तर थेट रुग्णालय.

तुमच्या घरी कुणाला आयसीडी बसणार असेल, तर शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे नियम उचलू नका. वायर कुठून गेली आहे आणि हात कधीपासून, किती उंच न्यायचा, हे घरी निघण्याआधी आपल्याच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.