पनवेल ते पाचोरा, जवानांच्या वाटेने

पनवेलला मंगला एक्स्प्रेस फार वेळ थांबत नाही. तेवढ्यात निरोप उरकायचा असतो. माझ्या डब्याशी एक कुटुंब उभं होतं. सोबत काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, पलटण. आईने मुलाच्या तळहातावर दही ठेवलं, बहिणीने लाडवांचा डबा पिशवीत कोंबला.

"पोचलास की फोन कर रे."

"करतो. येतो गं आई."

गाडी हलली तसे वडील डब्याबरोबर चालत राहिले, फलाट संपेपर्यंत.

ही गाडी कोकणातून, माणगाववरून येते. त्या तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना धारातीर्थी पडले. वय अवघं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. ते गेले तेव्हा तिथे रेल्वे यायला जवळजवळ अर्धं शतक होतं. कोकणातल्या कितीतरी आयांनी पोरांना निरोप दिला तो बंदरावर, पुढे एसटीच्या थांब्यावर. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये आणि पुढच्याच वर्षी कारगिल पेटलं. रजा अर्धवट टाकून निघालेल्या कोकणच्या जवानांना आता गाडी होती.

कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लागली. १८६५ साली सुरू झालेला हा घाट ३७ फुटांना एक फूट चढतो. लष्कराच्या गाड्याही असाच धक्का घेत वर गेल्या. पुढे देवळाली. इंग्रज अमदानीत मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या पलटणींची ही छावणी, नंतर तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र.

मनमाडला मात्र खिडकी सोडवेना. पुणे-नगरकडून दौंडमार्गे येणारी लाइन इथे मिळते. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस याच वाटेने जाते आणि तिच्यात जवान नाहीत असा दिवस विरळा. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लष्करी स्पेशल गाड्यांचं नाव वेळापत्रकात नसे, तरी बातमी फुटे. देशभरातल्या स्टेशनांवर माणसं चहा, पुरीभाजी, फळं घेऊन धावली. बायकांनी खिडकीतून हात घालून अनोळखी पोरांना कुंकू लावलं. कोणाचा मुलगा, कुठल्या प्रांताचा, हे कोणी विचारलं नाही. मला ही गर्दी कुठल्याही मिरवणुकीहून मोठी वाटते.

जळगावला उतरून मागे पाचोऱ्याला आलो. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, इथल्या एका जवानाची रजा रद्द झाली. अंगाची हळद उतरायच्या आत तो निघाला आणि नवी नवरी त्याला पोहोचवायला याच स्टेशनवर आली. तो फलाट मी टोकापासून टोकापर्यंत चाललो. साधा फलाट, चहाचा ठेला, बाकावर कापसाच्या भावाची चर्चा. त्या प्रसंगाची खूण कुठेच नाही. निदान एक पाटी इथे हवी.

आता पूर्वीसारख्या स्पेशल गाड्या आपल्या नजरेस क्वचितच पडतात. तातडीने बोलावलेला जवान बहुतेकदा आरक्षणाशिवाय, आपल्याच गाडीत, दाराशी उभा राहून जातो. असा कोणी दिसला तर सरकून बसा आणि त्याला जागा द्या.